रात्री दहाची औषधं आणि ट्रॉलीवरचा टॅब : एका इन्चार्ज सिस्टरचं परीक्षण

आमच्या मेडिसिन वॉर्डात औषध देताना स्कॅन करायची प्रणाली बसवली, तेव्हापासून मी ती स्वतः वापरते आहे आणि माझ्या हाताखालच्या मुली ती वापरताना रोज बघते आहे. ट्रॉलीवर एक टॅब, त्याला जोडलेला हातात धरायचा स्कॅनर आणि प्रत्येक रुग्णाच्या मनगटावर कोड छापलेला बँड, एवढंच सामान. आधी बँड स्कॅन करायचा, मग औषधावरचं लेबल. रुग्ण, औषध, डोस, मार्ग (तोंडानं की इंजेक्शननं) आणि वेळ असं सगळं जुळलं की पडद्यावर हिरवी पट्टी येते. मग औषध द्यायचं आणि ‘दिलं’ दाबायचं. जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंगच्या अभ्यासक्रमाच्या, पहिल्या वर्षापासून घोकून घेतलेल्या पाच गोष्टी हे यंत्र आपल्याबरोबर उभं राहून तपासतं.

कंपनीचं आणि रुग्णालयाचं नाव लिहीत नाही. पश्चिम महाराष्ट्रातलं ट्रस्टचं रुग्णालय आहे, एवढं पुरे. मला जे सांगायचं आहे ते अशा कुठल्याही प्रणालीला लावून बघता येईल. ज्यांच्याकडे अशी प्रणाली येऊ घातली आहे त्या सिस्टर-ब्रदरांसाठी आणि खरेदीच्या बैठकीला बसणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे.

घ्यावी का? घ्यावी, असंच मी म्हणेन. पण घेण्याआधी एक गोष्ट नक्की तपासा. सिस्टरचं काम मध्येच तुटलं तर ही प्रणाली काय करते?

कारण आमचं काम तुटतंच. तीस खाटांचा वॉर्ड, रात्री दोन सिस्टर, एक मामा (वॉर्डबॉय), एक मावशी (आया). दहाच्या औषधांची ट्रॉली निघाली की चौथ्या खाटेपर्यंत पोचायच्या आत सहाव्याचं सलाइन संपतं, कॅज्युअल्टीतून अॅडमिशनचा फोन येतो, कुणाचे नातेवाईक ‘पेशंटला थंडी वाजतेय’ म्हणून धावत येतात, आरएमओ (निवासी डॉक्टर) बाराव्याच्या रिपोर्टबद्दल विचारायला येतात. डेमोच्या दिवशी कंपनीच्या माणसानं कॉन्फरन्स हॉलमध्ये टेबलावर बँड ठेवला, शेजारी औषधाची व्हायल (इंजेक्शनची छोटी बाटली) ठेवली, दोन्ही स्कॅन केलं, हिरवी पट्टी आली आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. त्या हॉलमध्ये त्याला कुणी हाक मारत नव्हतं.

वॉर्डात पहिल्याच आठवड्यात दिसलं ते असं. सिस्टरनं बँड स्कॅन केला, इंजेक्शन लोड केलं, तेवढ्यात शेजारच्या खाटेवर आजोबांना उलटी झाली. ती तिकडे गेली. परत आली तर टॅब बंद होऊन पासवर्ड मागत होता. पासवर्ड टाकला तर पडदा थेट पहिल्या खाटेवर. अर्धवट राहिलेल्या कामाचा मागमूस नाही. आणि ट्रेमध्ये भरलेली सिरिंज तशीच पडलेली. लोड केलेली, नाव न लिहिलेली सिरिंज ही वॉर्डातली सगळ्यात धोक्याची वस्तू आहे. अशी सिरिंज दिसली की आम्ही ती टाकून देतो आणि नवीन भरतो, पण ती महागड्या अँटिबायोटिकची असेल तर रुग्णाच्या खिशातून पैसे गेलेले असतात.

ही गोष्ट बदलून घ्यायला वेळ लागला, पण बदलली, आणि त्याचं श्रेय मी कंपनीच्या एका तरुण इंजिनिअरला देईन. तो म्हणाला, ‘सिस्टर, मी एक नाइट तुमच्याबरोबर काढतो.’ आणि खरंच ट्रॉलीमागे उभा राहिला. कुठे थांबलो, का थांबलो, परत कुठून सुरू केलं, हे सगळं वहीत लिहीत गेला. पहाटे चहा घेताना म्हणाला, ‘तुम्हाला एक औषधसुद्धा सलग देता येत नाही.’ मी म्हटलं, ‘मग तुमचा टॅब सगळं सलग चालतं असं धरून का बनवलाय?’ त्यानंतरच्या नव्या रूपात पासवर्ड गेला. ओळखपत्र टेकवलं की पडदा उघडतो आणि जिथे सोडला होता तिथेच उघडतो. वर पिवळी पट्टी येते: अमुक रुग्ण, अमुक औषध, लोड केलं, दिलेलं नाही, इतक्या मिनिटांपूर्वी. औषध लोड करतानाच ट्रॉलीवरचा छोटा प्रिंटर सिरिंजवर चिकटवायचं लेबल काढून देतो, त्यामुळे ट्रेमधल्या सिरिंजला आता नाव असतं. माझ्या मते या सगळ्या प्रणालीत सर्वांत मोलाची गोष्ट ती पिवळी पट्टी आहे. विक्रीच्या पत्रकात तिचा उल्लेखसुद्धा नाही.

औषध असं स्कॅन करून देण्याची कल्पना मुळात एका सिस्टरचीच आहे, हे आमच्या मुलींना मी मुद्दाम सांगते. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या टोपेका इथे माजी सैनिकांच्या रुग्णालयात स्यू किनिक नावाच्या परिचारिका होत्या. १९९२ मध्ये भाड्याची गाडी परत करताना तिथल्या माणसानं हातातल्या यंत्रानं गाडीची नोंद झटक्यात केलेली त्यांनी पाहिली आणि त्यांच्या मनात आलं की हे गाडीला जमतं तर औषधाला का नाही. पुढे त्या देशातल्या माजी सैनिकांच्या सगळ्या रुग्णालयांत ही पद्धत गेली. तिचा उपयोग होतो याचा पुरावाही आहे. बोस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स रुग्णालयातल्या अभ्यासात, जो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला, औषध देतानाच्या चुका (वेळेच्या चुका सोडून) ११.५ टक्क्यांवरून ६.८ टक्क्यांवर आल्या. म्हणजे दर पाचांतल्या दोन चुका टळल्या. ज्या सिस्टर म्हणतात की ‘आम्ही इतकी वर्षं डोळ्यांनी बघूनच देतोय, हे कशाला’, त्यांच्यापुढे मी हा आकडा ठेवते.

पण तो आकडा जिथला आहे तिथे औषध रुग्णालयाच्या फार्मसीतून लेबल लावून थेट वॉर्डात येतं. आमच्याकडे औषधाचा प्रवास वेगळा आहे, आणि या प्रणालीचा सगळ्यात मोठा पेच इथेच आहे. राउंड झाला की डॉक्टर औषध लिहितात, चिठ्ठी नातेवाइकांच्या हातात जाते, ते खाली मेडिकलमधून प्लास्टिकच्या पिशवीत औषधं आणतात आणि पिशवी खाटेशेजारच्या लॉकरमध्ये राहते. मेडिकलमध्ये लिहिलेला ब्रँड नसला तर त्याच घटकाचा दुसरा ब्रँड दिला जातो. आता यातलं काहीही टॅबला माहीत नव्हतं. दुसरा ब्रँड स्कॅन केला की लाल पट्टी: ‘औषध जुळत नाही.’ घटक तोच, डोस तोच, तरी लाल. रात्रीतून अशा लाल पट्ट्या सारख्या यायला लागल्या तर खरी लाल पट्टी कुठली हे कसं कळायचं?

सरकारच्या नियमानुसार १ ऑगस्ट २०२३ पासून जास्त खपाच्या ३०० ब्रँडच्या वेष्टनावर क्यूआर कोड असतो. त्याचा उपयोग होतो, पण तो वेष्टनावर असतो. खोक्यातून बाहेर काढलेल्या अँप्यूलवर (काचेच्या कुपीवर) असेलच असं नाही, आणि बाकीच्या हजारो ब्रँडना तर तो नियमच लागू नाही. शेवटी आमच्याकडे मार्ग निघाला तो असा. आमच्याच आवारातल्या मेडिकलच्या काउंटरवर प्रिंटर बसवला. औषध देतानाच रुग्णाचं नाव, आयपी नंबर (दाखल रुग्णाचा क्रमांक), औषधाचा घटक आणि कोड असलेली लेबलं छापून पिशवीत येतात. ब्रँड बदलला तर तो कुठल्या घटकाच्या जागी दिला, हे फार्मासिस्ट तिथेच नोंदवतात. त्या बिचाऱ्यांचं काम वाढलं, हे मला मान्य आहे, आणि त्यांच्यासाठी आणखी एक माणूस मिळावा म्हणून मी बैठकीत बोललेही. बाहेरच्या दुकानातून आलेल्या औषधाला मात्र अजूनही हातानंच नोंद करावी लागते.

याच प्रवासातली आणखी एक गोष्ट. औषध दिलं नाही तर टॅब कारण विचारतो. मूळ यादीत कारणं होती: रुग्णानं नकार दिला, उपाशी ठेवलं आहे, रुग्ण वॉर्डात नाही, इतर. आमच्याकडचं रोजचं कारण म्हणजे ‘नातेवाईक औषध आणायला गेले’ किंवा त्याहून अवघड, ‘पैशांची सोय होईपर्यंत औषध आलं नाही’. ही दोन्ही कारणं ‘इतर’मध्ये गडप व्हायची. आम्ही ती यादीत घालून घेतली. त्याचा परिणाम असा झाला की पैशांअभावी औषध थांबलं अशी नोंद पडली की आता ती समाजसेवा विभागाच्या पडद्यावरही दिसते आणि तिथल्या मॅडम सकाळी आपणहून येऊन नातेवाइकांशी बोलतात. पूर्वी हे आम्हाला आठवणीनं फोन करून सांगावं लागायचं. यादीत एक ओळ वाढवल्यानं एवढं होतं, आणि ती ओळ कंपनीच्या कार्यालयात बसून कुणाला सुचणार नव्हती.

बँडबद्दल थोडक्यात. सुरुवातीला त्यावर उभ्या रेघांचा लांबट कोड होता. बारीक मनगटावर तो गोल वळतो आणि स्कॅनर वाचत नाही. आमच्या वॉर्डातल्या म्हाताऱ्या बायांची मनगटं केवढी असतात ते सांगायला नको. त्यावर हिरव्या बांगड्या असल्या की बँड खाली सरकतो, आणि ‘आजी, बांगड्या जरा वर करा’ म्हटलं तर कित्येकींना ते जिवावर येतं. अल्कोहोलचं सॅनिटायझर लागून छपाई पुसट होते ती वेगळीच. आता चौकोनी कोड आहे, बँडवर दोन-तीन ठिकाणी छापलेला. कुठल्याही बाजूनं वाचला जातो. तुम्हाला लांबट कोडवाले बँड दाखवले तर घेऊ नका.

बँड वाचला जात नाही तेव्हा काय होतं हे अमेरिकेत शोधून झालेलं आहे. संशोधक रॉस कॉपेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये पाच रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात परिचारिकांनी काढलेल्या १५ प्रकारच्या पळवाटा आणि त्यामागची ३१ कारणं सापडली. रुग्णाच्या कोडची जादा प्रत काढून ती ट्रॉलीला किंवा दाराच्या चौकटीला चिकटवायची आणि तिथेच स्कॅन करायचं, ही त्यातली एक. म्हणजे रुग्णाच्या हाताला हात न लावताच हिरवी पट्टी. कारणांमध्ये न वाचले जाणारे बँड, संपलेली बॅटरी, नेटवर्क नसणं, तातडीची वेळ अशा गोष्टी आहेत. मी हे वाचलं तेव्हा मला त्या सिस्टरांचा राग आला नाही. कारण आमच्या कोपऱ्यातल्या आयसोलेशन रूममध्ये वाय-फाय पोचत नव्हतं तेव्हा तिथल्या रुग्णाच्या कोडची प्रत बाहेर चिकटवायची सूचना आमच्याकडेही पुढे आली होती. मी ती होऊ दिली नाही, तिथे कागदी शीट चालू ठेवली आणि त्या भिंतीजवळ वाय-फायचा नवीन डबा बसेपर्यंत पाठपुरावा केला. त्याच वेळी आणखी एक गोष्ट करून घेतली. वीज जाऊन जनरेटर सुरू होईपर्यंत राउटर बंद पडायचा आणि परत जागेवर यायला बराच वेळ घ्यायचा. आता राउटर यूपीएसवर आहे. टॅबला बॅटरी आहे, पण राउटरला नाही, हे बसवणाऱ्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

आता या प्रणालीतला मला सगळ्यात आवडलेला पडदा सांगते. इन्सुलिनचा. आपल्याकडे इन्सुलिनच्या व्हायल ४० युनिट प्रति मिली अशाही येतात आणि १०० युनिट प्रति मिली अशाही. सिरिंज वेगवेगळ्या लागतात: चाळीसची लाल टोपणाची, शंभरची केशरी टोपणाची. शंभरचं इन्सुलिन चाळीसच्या सिरिंजमध्ये त्याच खुणेपर्यंत भरलं तर रुग्णाला अडीचपट डोस जातो. इथे व्हायल स्कॅन केली की पडद्यावर त्या सिरिंजचं मोठं चित्र येतं, टोपणाच्या रंगासकट, आणि कुठल्या खुणेपर्यंत भरायचं ती खूण ठळक दिसते. सोबत रुग्णाची शेवटची शुगर आणि ती किती वाजता तपासली ते. वाचायला एक वाक्य नाही. नवीन आलेली मुलगी असो की माझ्यासारखी चाळिशीचा चष्मा लावणारी, एका नजरेत कळतं. ज्यानं हा पडदा केला त्यानं इन्सुलिन भरताना कुणाला तरी जवळून बघितलं असणार.

त्याउलट पोटॅशियम क्लोराइडचा पडदा. दहा मिलीच्या अँप्यूलमध्ये २० मिलीइक्विव्हॅलंट पोटॅशियम असतं, ते पातळ न करता थेट शिरेत गेलं तर हृदय बंद पडू शकतं, म्हणून दोन सिस्टरांनी तपासून द्यायचं. नियम बरोबरच आहे. टॅब दुसऱ्या सिस्टरचं ओळखपत्र मागतो. पण रात्री दुसरी सिस्टर वॉर्डाच्या त्या टोकाला अॅडमिशन घेत असते. काही दिवसांत दुसरीचं ओळखपत्र ट्रॉलीवरच ठेवलेलं दिसायला लागलं. मी ते बंद केलं, पण नुसतं रागावून भागत नाही. मी कंपनीला सांगितलं आहे की दुसरीच्या हातातल्या फोनवर बाटलीचा, लेबलाचा आणि ठरवलेल्या वेगाचा फोटो जाऊ दे आणि तिनं तो बघून स्वतःच्या हातानं होकार द्यावा. समोर येऊन तपासण्याची बरोबरी त्याला येणार नाही, पण ट्रॉलीवर पडलेल्या ओळखपत्रापेक्षा ते केव्हाही बरं. हे अजून झालेलं नाही. तोवर पोटॅशियमचं सलाइन शक्यतो दोघी वॉर्डात मोकळ्या असतात त्या वेळी, पाळी बदलताना ओव्हर (रुग्णांची माहिती) देता-घेतानाच लावायचं, अशी सोय आम्ही केली आहे.

आवाजाबद्दल तर मी भांडलेच. औषधाला पंधरा मिनिटं उशीर झाला की टॅब वाजायचा. तीस रुग्णांची दहाची औषधं दहा वाजताच कशी होतील? म्हणजे टॅब वाजतच राहायचा. वॉर्डात आधीच मॉनिटर वाजत असतात, सिरिंज पंप वाजत असतात. अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशन या संस्थेकडे जानेवारी २००९ ते जून २०१२ या काळात अलार्मशी संबंधित ९८ घटना नोंदवल्या गेल्या, त्यांतल्या ८० मध्ये रुग्ण दगावला. सतत वाजणाऱ्या आवाजाची सवय होऊन जाणं हे त्यामागचं एक मोठं कारण. औषधाच्या उशिराचा आवाज आणि रुग्णाचा ऑक्सिजन उतरल्याचा आवाज एकाच वॉर्डात एकमेकांशी स्पर्धा करणार असतील तर पहिला बंदच असला पाहिजे. आता उशीर नुसत्या रंगानं दिसतो. वाजतं फक्त स्टॅट (ताबडतोब द्यायचं) औषध आणि पहिल्या डोसचं अँटिबायोटिक.

नावांची गोष्ट आमच्या भागाची आहे. एका वेळी वॉर्डात चार पाटील असणं नेहमीचंच, त्यात दोघांचं पहिलं नावही एकच असतं. त्यामुळे आम्ही बोलताना खाटेचा नंबर वापरतो: ‘बाराला लॅसिक्स दे गं.’ टॅबवरची यादीही खाटेच्या नंबरानं लावलेली होती. पण खाट बदलते. ऑक्सिजनचा पॉइंट हवा म्हणून बाराचा रुग्ण चारला जातो आणि बारावर नवा रुग्ण येतो. तोंडी सूचना मात्र बाराचीच राहते. प्रणालीत आता सारख्या नावांवर ठळक खूण येते आणि खाट बदलल्यापासून पुढची पूर्ण पाळी संपेपर्यंत जुना-नवा असे दोन्ही नंबर दिसतात. खाटेचा नंबर ही रुग्णाची ओळख धरायची नाही हे आम्हाला शिकवलेलं असतं, पण तोंडातून जात नाही. अशा वेळी पडद्यानं सांभाळून घ्यावं, हीच माझी अपेक्षा आहे.

ओव्हर देण्याचा पडदा कामचलाऊ आहे. दिलेल्या प्रत्येक औषधाची लांबच लांब यादी येते, आणि जे राहिलं ते त्यातून शोधावं लागतं. आम्ही अजून वहीत लिहितो.

शेवटी रिपोर्टबद्दल, कारण हे खरेदीच्या बैठकीत कुणी बोलत नाही. प्रत्येक औषध किती वाजता दिलं याची नोंद मिनिटासकट वर जाते. सुरुवातीला महिन्याच्या बैठकीत भिंतीवर वॉर्डांचे तक्ते लागले, उशिराची औषधं लाल रंगात, खाली सिस्टरचं नाव. ज्या मुलीनं त्या रात्री तीन अॅडमिशन घेतल्या आणि एका रुग्णाला सीपीआर दिला तिचाच तक्ता सगळ्यात लाल होता. दुसऱ्या दिवसापासून मुली औषध देण्याआधीच ‘दिलं’ दाबून मोकळ्या होण्याची भीती होती, आणि तसं झालं असतं तर सगळी प्रणालीच खोटी पडली असती. मी मेट्रन मॅडमकडे, म्हणजे आमच्या मुख्य परिचारिकांकडे, गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि प्रशासनाकडून लेखी आणलं की स्कॅनच्या वेळेवरून कुणालाही मेमो दिला जाणार नाही. आता त्या तक्त्याच्या डोक्यावर त्या पाळीत किती रुग्ण होते, किती सिस्टर होत्या आणि किती अॅडमिशन झाल्या हे छापून येतं, आणि सिस्टरचं नाव येत नाही. तुमच्याकडे अशी प्रणाली येणार असेल तर हे पत्र करारावर सह्या व्हायच्या आधी मागून घ्या. नंतर मिळायला फार जड जातं.